उन्हाळ्यात खाडीवर आणि तळ्यावर दिसणाऱ्या पक्ष्यांची नोंद कशी ठेवावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले गाव दाभोळ खाडीच्या काठी आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ओहोटीच्या वेळी लांब, खाली वळलेल्या चोचीचे पंधरा-वीस पक्षी आणि त्यांच्या आसपास धावणारे बरेच लहान, राखाडी पक्षी आपल्याला चिखलावर दिसले. गावातील पक्षीमित्रांच्या गटात हे सांगितल्यावर ‘स्थलांतरित पक्षी एप्रिलमध्येच जातात, ओळखण्यात काही गफलत असेल’ असे उत्तर मिळाले. त्याच सुमारास गावतळ्याच्या आटलेल्या काठावर शेकाट्यांची (लांब पायांच्या पाणपक्ष्यांची) घरटी आढळली, आणि गटातील काही जणांनी लगेच छायाचित्रे व नेमके ठिकाण मागितले. उन्हाळ्यातील अशा नोंदी कशा ठेवाव्यात, त्यांचा कोणाला उपयोग होतो का, आणि गटात काय सांगावे व काय सांगू नये, असे आपण विचारले आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे. मे महिन्यात आणि जूनमध्येसुद्धा कोकणच्या खाड्यांवर उत्तरेकडचे वेडर पक्षी, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चालत अन्न शोधणारे पक्षी, असतात. हिवाळ्याच्या मानाने ते फार थोडे असतात, पण असतात. तेव्हा आपण जे पाहिले त्यात अशक्य असे काही नाही. मात्र खरा प्रश्न ओळखीचा नसून वेगळाच आहे असे मला वाटते. उन्हाळ्यात एकाच चिखलावर एकमेकांशी संबंध नसलेले चार प्रकारचे पक्षी वावरत असतात: ज्यांना निघायला उशीर झाला आहे ते, जे यंदा जाणारच नाहीत ते, जे बारमाही इथलेच असून आता विणीच्या तयारीत आहेत ते, आणि जुलै उजाडला की उत्तरेकडून परतू लागणारे. ‘व्हिंब्रेल (वळलेल्या चोचीचा एक वेडर), पंधरा’ एवढ्याच नोंदीवरून यांपैकी कोणते पक्षी पाहिले ते कधीच कळत नाही. हिवाळ्यात नाव आणि संख्या पुरेशी होते. उन्हाळ्यात मात्र तारीख, पाण्याची स्थिती, पिसारा आणि पक्षी काय करत होता या चार गोष्टी नावाइतक्याच महत्त्वाच्या असतात.

पुढे मी जे सांगणार आहे त्यातील बरेच काही जागेवर अवलंबून आहे, हे आधीच स्पष्ट करतो. ठाणे, उरण, धरमतर या उत्तरेकडच्या भागात चिखलाचे पट्टे रुंद आहेत, मिठागरे आहेत, आणि रोहित पक्ष्यांसारखे मोठे थवे मे अखेरपर्यंत रेंगाळू शकतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात खाड्या अरुंद आणि काठ चढे आहेत. तेथे पक्षी खाडीच्या मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यांवर, तिवरांमधल्या मोकळ्या जागांवर आणि जुन्या खाजणांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट जमिनींत) विखुरलेले असतात. उत्तरेतील शंभर पक्ष्यांची नोंद सामान्य ठरेल, पण आपल्याकडच्या वीस पक्ष्यांची नोंद फार मोलाची ठरू शकते. पाऊस कधी येतो, तळ्याचा गाळ यंदा काढला आहे का, किनाऱ्यावर सुट्टीतील गर्दी किती आहे, यांवरही चित्र पालटते. म्हणून मी देतो ते महिने ढोबळ समजावेत, आणि आपल्या जागेचे वेळापत्रक आपणच दोन-तीन उन्हाळ्यांत तयार करावे.

आता न जाणाऱ्या पक्ष्यांविषयी. कर्ल्यू, व्हिंब्रेल, ग्रे प्लोव्हर यांसारखे मोठे वेडर पक्षी जन्मल्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात वीण करत नाहीत. त्यांना वयात यायला दोन किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. हजारो किलोमीटर उडून उत्तरेला जाण्यात जोखीम मोठी असते, आणि वीणच करायची नसेल तर त्या प्रवासातून हाती काही लागत नाही. त्यामुळे यांतील बरेच तरुण पक्षी पहिला उन्हाळा जिथे हिवाळा काढला तिथेच काढतात. त्यांच्यासोबत काही प्रौढ पक्षीही मागे राहतात: जे जखमी आहेत, आजारी आहेत, किंवा प्रवासाला पुरेल एवढी चरबी ज्यांच्या अंगावर चढली नाही असे. रेडशँक आणि सँड प्लोव्हर यांसारख्या मध्यम व लहान पक्ष्यांतही हे घडते. हा प्रकार जगभरातील उष्ण किनाऱ्यांवर आढळतो आणि त्यात अनैसर्गिक काहीही नाही. आपल्या मित्रांना हे जरूर सांगावे.

उशीर झालेला पक्षी आणि राहिलेला पक्षी यांतील फरक बहुधा पिसाऱ्यावरून कळतो. एप्रिल अखेरीस आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात खाडीवर काही पक्षी अतिशय देखण्या रंगात दिसतात. सँड प्लोव्हरच्या छातीवर विटकरी पट्टा आलेला असतो, कर्ल्यू सँडपायपर खालून पूर्ण तांबूस होतो, ग्रे प्लोव्हरचा चेहरा आणि पोट काळेभोर होते. हे पक्षी निघालेले आहेत. वाटेत किंवा निघण्यापूर्वी ते पोट भरून घेत आहेत. याउलट मे संपताना किंवा जूनमध्ये जो ग्रे प्लोव्हर राखाडीच आहे, किंवा ज्याच्या पोटावर काळ्याचे केवळ तुटक ठिपके आहेत, तो बहुधा राहणार आहे. अशा पक्ष्यांची उडताना दिसणारी पंखांची पिसेही पाहावीत. तरुण पक्ष्याची ही पिसे झिजून फिकट झालेली असतात, आणि मे-जूनमध्ये काहींच्या पंखात मधलीच पिसे गळाल्यामुळे फट दिसते. लांबच्या प्रवासाला निघणारा पक्षी अशा वेळी उड्डाणाची पिसे टाकत नाही, म्हणून ही फट हा चांगला पुरावा आहे. उडत्या पक्ष्याचे एखादे अस्पष्ट छायाचित्रही यासाठी पुरते. सुंदर छायाचित्राच्या नादात असे ‘वाया गेलेले’ फोटो पुसून टाकू नयेत.

आपण पाहिलेले लांब चोचीचे पक्षी कर्ल्यू होते की व्हिंब्रेल, हे आपल्या वर्णनावरून मी ठामपणे सांगणार नाही. चोच डोक्याच्या लांबीच्या तिप्पट किंवा त्याहून लांब आणि पूर्ण लांबीभर संथपणे वळलेली असेल, आणि डोक्यावर ठळक पट्टे नसतील, तर तो कर्ल्यू. चोच आखूड असून टोकाकडे जरा एकाएकी वाकलेली असेल, आणि डोक्यावर दोन गडद पट्टे व मधोमध फिकट रेघ असेल, तर तो व्हिंब्रेल. आवाज ऐकला असेल तर प्रश्नच मिटतो, कारण व्हिंब्रेल उडताना एकाच पट्टीतील सात-आठ शिट्ट्या भराभर वाजवतो, तर कर्ल्यूची साद वर चढत जाणारी आणि लांबवलेली असते. लहान राखाडी पक्ष्यांची जात निश्चित नसेल तर ‘सँड प्लोव्हर, जात निश्चित नाही’ असेच लिहावे. पूर्वी एक मानलेली छोट्या सँड प्लोव्हरची जात आता दोन जातींत विभागली गेली आहे, त्यामुळे अशा बाबतीत अंदाजाने नाव लिहिण्यापेक्षा मोकळी जागा ठेवलेली बरी.

आता भरतीकडे वळतो, कारण माझ्या मते उन्हाळी नोंदींची सर्वाधिक नासाडी इथेच होते. आपल्यापैकी बहुतेक जण सुट्टीच्या दिवशी म्हणून रविवारी खाडीवर जातात. एका रविवारी पूर्ण ओहोटी असते आणि पक्षी दोन किलोमीटरच्या चिखलावर पसरलेले असतात, त्यामुळे पाच दिसतात. पुढच्या रविवारी भरती असते, सगळे पक्षी एका दांड्यावर गोळा झालेले असतात, आणि चाळीस दिसतात. मग गटात ‘पक्षी वाढले’ अशी चर्चा होते. प्रत्यक्षात पक्षी तेवढेच असतात, फक्त पाणी बदललेले असते.

यावर उपाय आपल्या कोळी आणि भोई मंडळींच्या हिशेबात आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती येते; चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या सुमारास, दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. खाडीत आत जावे तसा हा वेळ पुढे सरकतो, म्हणून आपल्या गावापाशी किती फरक पडतो ते एखाद्या होडीवाल्याला विचारून घ्यावे. हा हिशेब ढोबळ आहे, आणि जेथे नेमकी वेळ हवी तेथे छापील किंवा मोबाईलवरील भरतीचे कोष्टक पाहावे, पण आखणीसाठी तो उत्तम आहे. मी स्वतः उन्हाळ्यात वार न पाहता तिथी पाहून जातो. दोन्ही पक्षांतील एकादशी आणि द्वादशी मला सर्वांत सोयीच्या वाटतात, कारण भरती सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान भरते, ऊन चढलेले नसते, प्रकाश चांगला असतो आणि पक्षी वरच्या दांड्यावर एकत्र आलेले असतात. दर पंधरवड्याला तीच तिथी, तीच जागा आणि तोच कालावधी पाळला तर मेची संख्या जूनच्या संख्येशी खऱ्या अर्थाने ताडून पाहता येते. नोकरीमुळे हे प्रत्येकाला जमणार नाही याची मला कल्पना आहे. ज्यांना रविवारशिवाय सवड नाही त्यांनी निदान नोंदीत ‘भरतीनंतर दोन तास’ किंवा ‘पूर्ण ओहोटी’ असे लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला त्या आकड्याचे वजन कळते. उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी) भरती होती की भांगाची (अष्टमीच्या आसपासची लहान), हेही लिहिले तर उत्तमच, कारण भांगात बराच चिखल उघडाच राहतो आणि पक्षी दांड्यावर येतच नाहीत.

ओहोटीच्या वेळी जायचेच असेल तर तिसऱ्या, मुळे, कालवे असे शिंपले काढायला आलेल्या बायांशी दोन शब्द बोलावे. कोणता पक्षी कोणत्या वेळी कुठे उतरतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. त्यांना पक्ष्यांची पुस्तकी नावे माहीत नसतील, पण ‘लांब चोचीचा, कुर्ल्या खाणारा, पावसाच्या आधीपर्यंत इथेच असतो’ ही त्यांची माहिती अनेक वर्षांच्या पाहण्यातून आलेली असते. ती नोंदीत ‘ऐकीव’ असे स्पष्ट लिहून जरूर ठेवावी. एक सूचना मात्र द्यायलाच हवी. वाशिष्ठी आणि सावित्री या दोन्ही नद्यांत मगरी आहेत आणि त्या चिखलाच्या काठांवर ऊन खात पडलेल्या असतात. पक्ष्याच्या जवळ जाण्यासाठी चिखलात उतरू नये. दुर्बीण काठावरूनच लावावी.

गोड्या पाण्याकडे आलो की चित्र अगदी वेगळे होते, आणि माझ्या मते कोकणातील उन्हाळ्याचा खरा ऐवज येथे आहे. सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरची, पाणथळे तर कधीच सुकलेली असतात. एप्रिलच्या मध्यापासून लहान तळी आटतात, ओढ्यांत फक्त डोह उरतात, वनराई बंधाऱ्यांतील पाणी संपते. मग चार-पाच गावांतले पाणपक्षी उरलेल्या एखाद्या तळ्यावर गोळा होतात. अडईंचा मोठा थवा, टिबुकल्या, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, काळे आणि पांढरे शराटी, वंचक आणि बगळे एकाच वेळी दिसतात. हे पाहून पक्षी वाढल्याचा आनंद होतो, पण आकडा वाढण्याचे कारण पाणी कमी होणे हे असते. म्हणून तळ्याच्या नोंदीत पाण्याची पातळी लिहिणे मी अनिवार्य मानतो. पायरी, घाटाचा दगड, एखादे झाड, असे एक ठरलेले चिन्ह निवडावे आणि पाणी त्याच्या किती खाली आहे ते दरवेळी लिहावे. त्याच चौकटीतून दर वेळी एक छायाचित्रही घ्यावे. त्यात पक्षी नसला तरी चालेल.

या तळ्यांवर पावसापूर्वीच्या महिन्यात विणीची लक्षणे दिसू लागतात, आणि ती नोंदवणे हे साध्या संख्येपेक्षा अधिक उपयोगाचे असते. वंचकाची पाठ गर्द तांबूस-जांभळी होते, गायबगळ्याचे डोके आणि मान केशरी होते, लहान बगळ्याच्या मानेवरून दोन लांब पिसे खाली लोंबू लागतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याला ती प्रसिद्ध शेपटी याच काळात येते. हिवाळ्यात ती नसते. टिबुकलीची जोडी तोंडात पाणवनस्पती घेऊन फिरताना दिसली तर ती घरटे बांधते आहे. हे सर्व ‘वर्तन’ या शीर्षकाखाली एका ओळीत लिहावे. टिटवी, शेकाट्या आणि लहान चिखल्ये उन्हाळ्यातच, पाणी मागे सरकून उघड्या पडलेल्या काठावर अंडी घालतात. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई, हळदीकुंकू यांची वीण मुख्यतः पाऊस सुरू झाल्यावर होते. त्यामुळे मेमध्ये शेकाट्यांची घरटी मिळणे अपेक्षितच आहे. मेमध्ये कमळपक्ष्याची पिल्ले दिसली तर मात्र ती आवर्जून कळवण्याजोगी गोष्ट होईल.

बगळे आणि पाणकावळे यांच्या वसाहतींबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण त्यांना धोका याच दिवसांत असतो. बाजारपेठेतील, बसस्थानकामागील किंवा देवळासमोरील वड, पिंपळ, चिंच अशा झाडांवर हे पक्षी दरवर्षी परत येतात, आणि पावसाआधीची फांद्यांची छाटणी नेमकी मे-जूनमध्ये होते. आपल्या परिसरातील अशा झाडांची यादी एप्रिलमध्येच करून ग्रामपंचायतीला आणि वन विभागाला लेखी द्यावी. वसाहत असलेली झाडे लोकांच्या डोळ्यांसमोरच असतात, त्यामुळे ती लपवण्याचा प्रश्न नसतो. उलट ती जितक्या लोकांना ठाऊक असतील तितके बरे. तळ्यातील गाळ काढण्याच्या कामाबाबतही तेच. यंत्र येण्यापूर्वी सरपंचांना काठावरील घरटी दाखवली तर कामाची सुरुवात दुसऱ्या बाजूने करता येते. आमच्याकडे लोकांनी असे समजून घेतले आहे, तक्रारीचा सूर न लावता सांगितले तर.

जमिनीवरच्या घरट्यांचे मात्र अगदी उलट आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या या भागात मला कोणतीही सवलत द्यावीशी वाटत नाही. शेकाट्या किंवा टिटवी साधारणतः चार अंडी घालते आणि जवळपास चार आठवडे ती उबवते. मेच्या उन्हात मात्र उबवणे म्हणजे बहुतेक वेळ अंडी थंड ठेवणे असते. टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर सावली धरून बसते. दुपारी कोणी माणूस जवळ उभा राहिला की ती उठते, ओरडत घिरट्या घालते, आणि उघड्या पडलेल्या अंड्यांतील जीव थोड्या वेळातच तापून मरू शकतो. शिवाय माणूस कुठे वाकून पाहतो याकडे कावळ्यांचे लक्ष असते. छायाचित्रे घेऊन आपण निघून गेल्यावर घरटे रिकामे झाले तर ते आपल्याला कळतही नाही. एका माणसाने केलेला हा त्रास पक्षी सोसू शकेल. गटात ठिकाण टाकल्यावर आठवडाभर रोज कोणी ना कोणी येत राहिले तर सोसू शकणार नाही.

म्हणून मी असे सुचवेन. घरटे दिसताच तेथून मागे यावे आणि पक्षी पुन्हा अंड्यांवर बसेल एवढ्या अंतरावरून, सकाळी किंवा संध्याकाळी, दुर्बिणीने पाहावे. नोंद पूर्ण लिहावी, पण स्वतःच्या वहीत. गटात ‘तालुक्यात शेकाट्यांची वीण सुरू झाली आहे’ इतकेच सांगावे. पिल्ले उडू लागल्यावर, म्हणजे धोका टळल्यावर, तारीख, घरट्यांची संख्या आणि किती पिल्ले जगली हे सविस्तर सांगता येईल, आणि खरे म्हणजे तीच माहिती अधिक मोलाची असते. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या घरट्याबाबत तर ठिकाण कधीच जाहीर करू नये, कारण तो वर्षानुवर्षे त्याच झाडावर परततो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे, आणि अंडी किंवा घरटे यांना इजा करणे गुन्हा आहे. गटातील मंडळी नाराज होतील अशी चिंता आपण व्यक्त केली आहे. त्यांना वर लिहिलेले उन्हाचे कारण सांगून पाहावे. पक्ष्यांवर प्रेम असलेल्या माणसाला ते पटते असा माझा अनुभव आहे, आणि ज्याला पटत नाही त्याला ठिकाण न सांगणेच योग्य.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर खाडीवर तिथी आणि पिसारा पाहावा, तळ्यावर पाण्याची पातळी आणि वर्तन पाहावे, वसाहतीचे झाड सर्वांना सांगावे आणि जमिनीवरचे घरटे कोणालाही सांगू नये.

या नोंदींचा उपयोग कोणाला होतो, हा आपला उरलेला प्रश्न. पक्षीगणनेचे आपल्याकडचे जवळजवळ सर्व उपक्रम थंडीत येतात. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते, घराभोवतीच्या पक्ष्यांची जागतिक गणना फेब्रुवारीत होते, महाराष्ट्रातील पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर या काळात असतो. मेमध्ये एक जागतिक पक्षीगणना दिवस असतो, पण तो एकच दिवस. त्यानंतर जून आणि जुलैमध्ये कोकणातील खाड्यांवर कोण होते याची लेखी माहिती फारच विरळ राहते. एखाद्या खाडीवर जेटी, भराव किंवा कोळंबी तलाव येणार असेल तेव्हा पाहणी बहुधा एखाद्या हंगामापुरती होते, आणि ‘उन्हाळ्यात येथे पक्षी नसतात’ असे सहज लिहिले जाते. त्या वेळी गावातील कोणीतरी सलग पाच उन्हाळे ठेवलेली वही असेल तर ती ठोस उत्तर ठरते. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास किहीमला राहून सुगरण पक्ष्यांच्या एका वसाहतीचे जे निरीक्षण केले, त्यातूनच सुगरणीच्या नराच्या अनेक माद्यांशी जोडीचा क्रम उलगडला. तेही कोकणातील एका गावात, पावसाळ्यात, घराजवळच्या जागी रोज बसून केलेले काम होते.

नोंद वहीत असावीच, पण घरट्याचे ठिकाण वगळून ती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाकावी असा माझा आग्रह आहे, कारण तेथे ती तारीख आणि जागेसह टिकते व कोणालाही शोधता येते. तेथे यादी करताना केवळ विशेष पक्षी न टाकता दिसलेले सर्व पक्षी टाकावेत; कावळे, घारी, वंचक यांच्यासह. यादी पूर्ण असली तरच एखादा पक्षी त्या दिवशी नव्हता असा अर्थ काढता येतो, आणि उन्हाळ्यात ‘नव्हता’ हीसुद्धा माहितीच आहे. एकही वेडर दिसला नाही त्या दिवसाची यादी वगळू नये. मेनंतरची काही नावे तेथे बेमोसमी म्हणून अडतात आणि तपासनीस खुलासा मागतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. पिसारा, चोच, आवाज, अंतर आणि सोबत पाहणारे किती जण होते, एवढे शांतपणे लिहावे. नमुन्यादाखल असे लिहिता येईल: ‘व्हिंब्रेल १६. पूर्ण ओहोटी, द्वितीया, उधाण. चोच टोकाकडे वाकलेली, डोक्यावर पट्टे स्पष्ट, पंखांची पिसे झिजलेली, दोन पक्ष्यांच्या पंखात फट. कुर्ल्या खात होते. अंतर सुमारे शंभर मीटर, दुर्बिणीतून, दोन निरीक्षक.’ अशी नोंद नाकारण्याचे कारण कोणालाही सापडणार नाही.

गटासंबंधी एक तांत्रिक बाब. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले की त्यातील तारीख आणि जागेची माहिती निघून जाते, आणि तेच चित्र पुढे पाठवत गेल्यावर गेल्या वर्षीचा पक्षी यंदाचा म्हणून फिरू लागतो. म्हणून प्रत्येक चित्रासोबत तारीख, गाव आणि पाहणाऱ्याचे नाव मजकुरात लिहिण्याचा नियम गटाने करावा, आणि एका व्यक्तीने महिनाअखेर सर्व नोंदी एका तक्त्यात उतरवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण गटातील शेकडो संदेशांपैकी पाच वर्षांनी वाचता येण्याजोगे जे उरते ते या तक्त्यातच उरते. मराठी नावे पुस्तकागणिक बदलतात, त्यामुळे तक्त्यात इंग्रजी नावही सोबत असावे.

मेच्या अखेरीपासून वारा फिरला की किनाऱ्याकडेही लक्ष ठेवावे. मोसमी वाऱ्यांत किंवा वादळानंतर खोल समुद्रातील पक्षी, जसे मास्क्ड बूबी, सूटी टर्न, ब्रायडल्ड टर्न, थकून पुळणीवर येऊन पडतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गेले. अशा वादळानंतरचे दोन-तीन दिवस पुळणीवर फेरी मारणे फार उपयोगाचे ठरते. असा पक्षी आढळल्यास त्याला पुन्हा समुद्रात सोडू नये आणि चोच उघडून पाणी पाजू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत, शांत जागी ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मेलेला पक्षी आढळला तरी त्याचे पंख पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, कारण पुष्कळ सागरी पक्ष्यांच्या नोंदी अशाच मिळतात.

सर्वांत शेवटी जुलैबद्दल. पाऊस जोरात असतो, दुर्बिणीच्या काचा धुरकट होतात, आणि बहुतेक जण या महिन्यात खाडीकडे फिरकत नाहीत. पण तिबेट-लडाखच्या पठारावर वीण करणारे सँड प्लोव्हर जुलैच्या उत्तरार्धातच किनाऱ्यावर परतू लागतात, आणि त्यांतील काहींच्या छातीवर विणीचा विटकरी रंग अजून शिल्लक असतो. उन्हाळाभर इथेच राहिलेल्या फिकट पक्ष्यांमध्ये असा रंगीत पक्षी उठून दिसतो. त्या दिवशी ‘पहिला परतलेला पक्षी’ एवढेच लिहून थांबू नये. त्याआधीच्या पंधरवड्यात, त्याच तिथीला, त्याच दांड्यावर किती पक्षी होते आणि त्यांत रंगीत एकही नव्हता, हे शेजारी लिहावे. परतीची तारीख सिद्ध होते ती या जोडनोंदीमुळे, आणि त्यासाठी जूनच्या शेवटच्या व जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातील, काहीच विशेष न दिसलेल्या दोन फेऱ्या चुकवू नयेत.